डिचोलीकडचं बंद घर विकायला काढताना: आधी पाऊस बघा, मग रंग

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं तुमचं कौलारू घर आई गेल्यापासून दोन वर्षं बंद आहे. तुम्ही तिघं भावंडं: तुम्ही आणि धाकटा भाऊ पुण्याला, बहीण म्हापशाला. विकायचं यावर तिघांचं एकमत आहे. एजंट म्हणतो चार लाख घाला, लाल जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, मॉड्यूलर किचन करा, बाहेरून झकास रंग मारा आणि जून लागायच्या आत फोटो टाकू. भाऊ म्हणतो एक पैसा घालू नका, आहे तसं विका. तुमच्याकडे मे महिन्यातली दहा दिवसांची रजा आहे. आणि शेवटी, थोडं संकोचूनच, तुम्ही विचारलंय की माजघरातल्या आईच्या झोपाळ्याचं काय करायचं.

मी फोंड्याला असते. गेली १८ वर्षं जुनी घरं विक्रीआधी तयार करून देते. त्याआधी एका कंत्राटदाराकडे साइटवर होते, त्यामुळे कुठल्याही घरात शिरले की माझं लक्ष पडद्यांच्या आधी पन्हळींकडे जातं. तो माझा कल लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

किती पैसे घालायचे हे ठरण्याआधी घेणारा कोण हे ठरावं लागतं, आणि ते तुमच्या हातात कमी, जागेच्या हातात जास्त असतं. जागा मोठी, रस्त्याला लागून आणि सेटलमेंट झोनमधली, म्हणजे बांधकामाला मुभा असलेली, असेल तर घेणारा बहुधा जमिनीचेच पैसे मोजणार आणि घर पाडणार. अशा वेळी भावाचं म्हणणं शंभर टक्के खरं. झाडोरा काढा, हद्दीचे दगड उघडे करा, सर्व्हे प्लॅनची प्रत हातात ठेवा, बस्स. दुसरं गिऱ्हाईक गावातलंच. त्याला तुमचं घर तुमच्याइतकंच ठाऊक असतं, तुमच्या आजोबांनी माडी कुठल्या साली चढवली तेही तो सांगेल. तो वाट कुठून आहे, विहिरीचं पाणी मेमध्ये टिकतं का आणि कुणाची सही अडणार आहे एवढंच बघतो. तिसरं गिऱ्हाईक मुंबई, बंगळूर, दिल्लीकडचं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून माझ्याकडे पेडणे आणि डिचोलीच्या घरांबद्दल विचारणारी अशी माणसं वाढली आहेत, नाहीतर आधी सगळ्यांना आसगाव नाहीतर शिवोलीच हवं असायचं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून घर आतल्या गल्लीत आहे, पुढे भातशेती आहे, मध्ये राजांगण, म्हणजे घराच्या मधलं अंगण, आहे आणि जमिनीला लाल कोबा आहे. म्हणजे तुमचा घेणारा बहुतेक तिसऱ्या जातीचा. यापुढचं सगळं तसं धरूनच लिहितेय. माझा अंदाज चुकला, उद्या गावातलाच कुणी पुढे आला, तर खालच्यातलं निम्मं सोडून द्या.

या कामाला आता होम स्टेजिंग म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत सिअॅटलकडे बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी ही पद्धत रूढ केली. तिथले धडे म्हणजे उशा, फुलदाण्या, घरच्यांचे फोटो काढून ठेवणं, येणाऱ्याला हे घर आपलंच आहे असं वाटायला लावणं. यातलं शेवटचं आपल्याकडेही खरं आहे. पण जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे उशीने काम भागत नाही. आपण चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, घर काढतो ना, कोनाडे, माळा, न्हाणी, गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायच्या लाकडी चौकटीपर्यंत सगळं, त्याच्या जवळचं हे काम आहे. फक्त या वेळी पाहुणा परका असतो आणि येताना दोन गोष्टींना घाबरून येतो. एक ओल, दुसरी कागद. तुमचे पैसे आणि तुमचे दहा दिवस या दोन भीती कमी करण्यात जायला हवेत.

ओलीपासून सुरुवात करते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. धंद्यात नवी असताना बार्देशात नदीकाठच्या गावातलं एक घर मी मे महिन्यात रंगवून दिलं. आतून पांढराशुभ्र प्लास्टिक इमल्शन, दिसायला दृष्ट लागण्यासारखं. घेणारी मंडळी मुंबईहून जूनच्या शेवटी दुसऱ्यांदा आली. पावसाला वीस दिवस झाले होते. जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले होते, एका ठिकाणी पापुद्रा लोंबत होता. त्या गृहस्थांनी बोटाने तो सोलला, मागची ओली माती बघितली आणि एकच वाक्य बोलले, "हे तुम्ही झाकलं होतं." मी झाकलं नव्हतं, मला कळलंच नव्हतं. पण फरक काय पडतो? व्यवहार मोडला, आणि पुढच्या माणसाने तेच ओलाचं कारण सांगून भाव पाडला.

आपल्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढून घेतो. जुन्या माणसांनी त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी दिली, कारण चुन्यातून ती ओल बाहेर पडून वाळून जाते. त्यावर आपण सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आतच कोंडते, लोणा, म्हणजे भिंतीतला खार, सुटतो आणि रंग ढकलून बाहेर येतो. म्हणून तुमच्या एजंटच्या यादीतला बाहेरून झकास रंग ही यादीतली सगळ्यात महागडी चूक ठरू शकते. चुन्याच्या भिंतीला चुनाच द्या. पूर्वी कुणी सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर मात्र चुना त्यावर नीट धरणार नाही. तिथे गवंड्याला दाखवल्याशिवाय ठरवू नका.

रंगाच्या आधी पाणी भिंतीपर्यंत पोचतं कसं ते शोधा. बंद घरात दर वेळी तीच दोन-तीन कारणं निघतात. पन्हळीत फणसाची पानं अडकून पाणी भिंतीवरून उतरतं. जोत्याला लागून वर्षानुवर्षांची माती, नारळाची सोडणं, मोडक्या कुंड्या साचून जमिनीची पातळी जोत्याच्या वर गेलेली असते. आणि सांडपाण्याचा पाइप कुठेतरी मध्येच तुटून घराखाली सुटलेला असतो. जोत्याभोवतीची माती वीतभर खाली उतरवून उतार घरापासून बाहेर काढणं हे दोन गड्यांचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. एजंटच्या चार लाखांच्या कामांपेक्षा हे भाव जास्त राखतं असं मी छातीठोक सांगते.

छपराची शाकारणी, म्हणजे कौलं काढून साफ करून पुन्हा नीट बसवणं, मेमध्ये करून घ्या. दोन वर्षं झालेली नसणार. माकडं आणि वारा एवढ्यानेही कौलं सरकतात. वर चढणाऱ्याला रिपा आणि वासे टोकाशी, म्हणजे भिंतीवर टेकतात तिथे, टोचून बघायला सांगा. वाळवी आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण त्याचा वास बरेच दिवस रेंगाळतो आणि लाकूड काळं पडतं, म्हणून लावायचं असेल तर तेही मेमध्येच उरका, गिऱ्हाईक यायच्या आठवड्यात नको. वाळवीचा उपचार कुणाकडून करून घेतलात तर पावती जपून ठेवा. ती पुढे कामाला येणार आहे.

आणि काचेची कौलं. यावर मी थोडी रेंगाळणार आहे. सावईवेऱ्याकडच्या एका घरात आम्ही काहीही नवं आणलं नव्हतं. माजघर इतकं काळोखं होतं की दिवसा ट्यूब लावावी लागायची, आणि घरच्यांना वाटायचं की घर मुळात काळोखंच आहे. शाकारणीला माणूस चढला तेव्हा कळलं की वर चार काचेची कौलं आहेत, त्यांच्यावर शेवाळ आणि कचऱ्याचा थर होता. साबणाच्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने घासल्यावर खालच्या लाल कोब्यावर उन्हाचे चार चौकोन पडले. घर तेच होतं. पण त्या घराच्या मालकीणबाई, वय सत्तरच्या पुढचं, दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "लहानपणी असंच असायचं." तुमच्या छपरावर अशी कौलं आहेत का बघा. नसतील तर चार-पाच साधी कौलं काढून त्याच मापाची काचेची बसवता येतात. माजघरात दोन, स्वयंपाकघरात दोन पुरतात.

उजेडासाठी आणखी एक. खिडकीवर आलेल्या फांद्या छाटा, मूळ झाड तोडू नका. बाहेरगावचा माणूस आंब्याच्या झाडाचे पैसे देतो. बल्ब सगळे एकाच रंगाचे, पिवळसर लावा. एका खोलीत पांढरी ट्यूब, दुसरीत पिवळा दिवा असला की घर तुकड्यातुकड्यांचं वाटतं.

लाल कोबा काढून टाइल्स बसवू नका. हे विनंती म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगते. शहरातून येणारा माणूस टाइल्सच्या घरातूनच येतो, त्याला तुमचा कोबाच हवा असतो. कोब्याला भेगा असतील तर त्याच रंगाचं ऑक्साइड घालून भरून घ्या. जोड दिसेल, दिसू द्या. सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, हलकं मेण घासलं की तो पुन्हा चमकतो. अॅसिड चुकूनही नको, विशेषतः पुढच्या खोलीत नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स असतील तर. अॅसिड त्यांचा रंगच खाऊन टाकतं. शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या, लाकडी गज, पडवीतले बसायचे सोपे, यातलं काही फोडायचा विचार असेल तर आधी पर्वरीजवळ तोर्ड्याला वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेलं गोव्यातल्या घरांचं संग्रहालय बघून या. बहीण म्हापशाला आहे, तिलाही घेऊन जा. तासाभरात कळेल की लोक कशाचे पैसे मोजतात.

मॉड्यूलर किचन तर मुळीच नको. घेणारा सहा महिन्यांत ते उचकटणार आणि तुम्हाला त्याचा एक रुपयाही मिळणार नाही. उलट न्हाणीघर आणि संडास यांवर खर्च करा, कारण तिथे माणूस दोन मिनिटं उभा राहून अख्ख्या घराचा निकाल लावतो. गळके नळ, हलणारं भांडं, पिवळा पडलेला बेसिन बदला. तांब्याचं भाण, म्हणजे न्हाणीतलं पाणी तापवायचं भांडं, असेल तर चिंचेने घासून जागच्या जागी ठेवा. वायरिंग जुन्या लाकडी पट्ट्यांतलं असेल तर निदान अर्थिंग तपासून मुख्य बोर्डवर शॉक लागला की वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. हे दिसत नाही, पण विचारलं जातं.

वासाबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात. बंद घराला वास येतोच, आणि घरच्यांच्या नाकाला तो कळत नाही. खरी कारणं तीन: जुन्या कापसाच्या गाद्या, माळ्यावरची वटवाघळं, आणि संडास-न्हाणीतले सुकलेले ट्रॅप. तिसरं बहुतेकांना माहीत नसतं. वापर नसला की जाळीखालच्या वाकात साचून राहणारं पाणी वाळून जातं आणि टाकीचा वास सरळ घरात येतो. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. गाद्या टाकून द्या, डांबराच्या गोळ्याही. उदबत्ती, धूप, फवारे यांनी वास झाकू नका. माणसाला उदबत्ती आवडते, पण बंद घरात ती आली की हे काय लपवतायत असं त्याला वाटतं. शेजारच्या एखाद्या बाईंना महिन्याला ठरावीक पैसे देऊन आठवड्यातून दोनदा सगळी दारं-खिडक्या उघडायला सांगा. दोन महिन्यांत घर माणसात येतं.

शेजाऱ्यांचं निघालंच आहे तर हेही. घेणारा तुमच्या माघारी शेजारी विचारणार, हे धरून चाला. फोंडा तालुक्यातच एका घराचा व्यवहार केवळ शेजारच्या आजोबांच्या एका वाक्याने लटकला होता. ते घेणाऱ्याला सहज म्हणाले, "वाट आमच्या भाटातून (बागायतीतून) जाते, आम्ही काही बोलत नाही." काही बोलत नाही याचा अर्थ उद्या बोलू शकतो, हे कुणालाही कळतं. मेमध्ये आल्यावर एजंटला भेटायच्या आधी आजूबाजूच्या चार घरी जाऊन बसा, चहा घ्या, विकतोय म्हणून स्वतः सांगा. वाटेबद्दल काही तोंडी समजूत असेल तर ती कागदावर येते का बघा. कधीकधी त्या चहातच गिऱ्हाईक निघतं.

आता दुसरी भीती, कागद. मी वकील नाही, पण ज्या घरात पुढच्या खोलीतल्या टेबलावर कागदांची एक फाइल व्यवस्थित ठेवलेली असते ते घर लवकर विकलं जातं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, म्हणून मी तिला सजावटीचाच भाग मानते. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा), सर्व्हे प्लॅन, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, आणि तुमचा वारसा दस्त. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही, हे घेणाऱ्याचा वकील सांगणारच, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. उताऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर आजच कामाला लागा. गोव्यात २०१२ च्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली वारस ठरवणारा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. वाटणीवरून वाद असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, आणि तिला वेळ लागतो. शिवाय आपल्या पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विक्रीखतावर जोडीदारांच्याही सह्या मागितल्या जातात. तीन भावंडं म्हणजे सहा सह्या. लग्न कुठे झालं, कसं नोंदलं यावर यात फरक पडतो, तेवढं वकिलाकडून पक्कं करा. उताऱ्यात कूळ किंवा इतर हक्कांच्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं नाव आहे का, मागच्या बाजूला कुणी मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, कायद्याने हक्क असलेला) राहतो का, हेही आधी तुम्हाला माहीत हवं. घेणाऱ्याकडून कळता कामा नये.

समोरची भातशेती फोटोत सुंदर दिसेल, पण ती तुमची असली तरी घराबरोबर देऊ असं बोलून बसू नका. २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला भातशेती विकण्यावर निर्बंध आले आहेत. आणि ती दुसऱ्याची असेल तर फोटोखाली तसं लिहा.

दोष लपवावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीये, पण एजंटच्या बोलण्यात ते दडलंय. घेणाऱ्याला सहज बघून कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. कायदा बाजूला ठेवला तरी माझा अनुभव असा की एक दोष आपण होऊन सांगितला की बाकीच्यांवरचा संशय उतरतो. मी एका कागदावर, साध्या अक्षरात, काय दुरुस्त केलं आणि काय केलेलं नाही ते लिहून फाइलमध्ये लावते. "मागच्या पडवीचा एक वासा बदलला. न्हाणीच्या भिंतीला पावसात खालून थोडी ओल येते." असं. वाळवीची पावती त्याच्याच मागे.

आता तुमच्या दहा दिवसांचं. जूनआधी फोटो टाकायची घाई सोडा. मेमध्ये माती उतरवणं, पन्हळी, शाकारणी, विहीर उपसणं, शेजारी आणि वकील एवढं करा. विहिरीत मेअखेर पाणी असेल तर दोराने खोली मोजून तारखेसह फोटो काढून ठेवा, बाहेरच्या माणसाला त्याहून मोठा पुरावा नाही. आत रंग देऊ नका. जून ते सप्टेंबर घराची परीक्षा होऊ द्या. बहिणीला मुसळधार पावसात दोन-तीनदा चक्कर टाकून ओल कुठे येते ते खडूने भिंतीवर आखायला सांगा. मग तुम्हाला नेमकं कळेल की काय दुरुस्त करायचं. चवथ होऊन जाऊ द्या. पितृपक्षात आपल्याकडचं कुणी घर बघायला येत नाही, ते दिवस भिंती वाळायला वापरा. दसऱ्यानंतर चुना, कोब्याचं मेण आणि सफाई. ऑक्टोबरअखेर शेत पिवळं आणि झाडं धुतलेली असतात तेव्हा सकाळच्या उजेडात फोटो. रुंद दिसणाऱ्या लेन्सने खोल्या फुगवू नका. त्याऐवजी एका कागदावर मापांसह घराचा साधा आराखडा काढून द्या, दुरून बघणारा फोटोंपेक्षा त्याच्यावर जास्त वेळ घालवतो. छप्पर खरंच कोरडं राहिलं तर मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन, आवडीने चौकशी करणाऱ्याला जुलैतच बोलवा. भर पावसात कोरड्या माजघरात उभं राहिलेल्या माणसाला पटवावं लागत नाही. पण हे छप्पर पाहिल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगत नाहीये.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण घर पाहिलेलं नाही. ठोकळमानाने, तुमच्या हातात शंभर रुपये असतील तर साठ छप्पर आणि पाण्याला, वीस न्हाणी-संडासाला, दहा सफाईला, उरलेले दहा चुन्या-मेणाला. सगळ्या पावत्या जपा. विक्रीनंतर कर भरताना घरात खरी सुधारणा म्हणून काय धरता येईल ते सीए सांगेल, आणि घर २००१ पूर्वीचं असल्याने १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत काढण्याबद्दलही त्यांना विचारा.

बारीकसारीक दोन गोष्टी राहिल्या. माडांवरचे नारळ पाडेलीला बोलावून उतरवून घ्या, पाहुण्याच्या गाडीवर नारळ पडला तर वरचं सगळं वाया. आणि भिंतीवरचे आई-वडिलांचे हार घातलेले फोटो उतरवून घरी न्या. ते ठेवले तर येणारा माणूस हळू आवाजात बोलतो आणि लवकर निघतो. देवघर रिकामं, पण पुसलेलं असू द्या. तुळशीवृंदावन मात्र ठेवाच, सफेदी करून त्यात जिवंत तुळस लावा. दिल्लीच्या माणसालाही ते आवडतं, आणि सुकलेली तुळस कुणालाच बघवत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, मोडका फ्रिज, रद्दी हे न बघता काढा. शिसवी बाक किंवा पेटारा असेल तर एक-दोन ठेवा. घराबरोबर काय जातं आणि काय नाही याची यादी करून करारनाम्याला जोडा. एका घरात भाण कुणाचं यावरून सही व्हायच्या दिवशी आवाज चढलेले मी ऐकले आहेत.

झोपाळा ठेवा. माझ्या पाहण्यात घर बघायला आलेली बाई झोपाळा दिसला की बसतेच, आणि बसली की बरोबरच्यांनाही थांबावं लागतं. त्या दहा मिनिटांत ती वर कौलांकडे बघते, राजांगणात बघते, काय कुठे ठेवता येईल ते बोलायला लागते. फक्त ज्या तुळईला तो टांगलाय ती शाकारणीच्या वेळी नीट तपासून घ्या आणि कड्यांना तेल घाला, म्हणजे कुरकुरणार नाही. पण तो तुमच्यापैकी कुणाला हवा असेल तर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी उतरवा. एकदा कुणी त्यावर बसलं की तो यादीतून वगळणं जड जातं. तेव्हा आधी बहिणीला फोन करून विचारा. तुम्ही पुण्याचं गृहीत धरलंय, पण म्हापशाच्या घरात त्याला जागा असू शकते.